शहाताकाकांची भट्टी आणि माझं गणित

गणिताची पदवी घेतलेल्या माणसाला जगात काहीही अशक्य नाही, असं माझं ठाम मत होतं. इजिप्तमधल्या आमच्या दमनहूर गावात या मताचा मी एकटाच होतो. बाकी सगळ्यांचा एकच प्रश्न, "फिक्री, गणित शिकून तू होणार काय?"

डॉक्टरकी शिकणाऱ्याला असं कुणी विचारत नाही. माझी आईसुद्धा शेजारणींना 'हिशेबाचं काहीतरी शिकलाय' असं सांगून विषय बदलायची. शिक्षक म्हणून सरकारी नेमणूक मिळायची खरी, पण वाट पाहणाऱ्यांची रांग एवढी लांब, की नेमणूक आणि निवृत्ती एकाच दिवशी झाली असती!

मी निश्चिंत होतो. पण मला नजवाशी लग्न करायचं होतं आणि तिचे वडील शहाताकाका मुळीच निश्चिंत नव्हते. गल्लीच्या तोंडाशी त्यांची पावाची भट्टी होती, मागे घर. एका संध्याकाळी रोजा सोडून मी मागणी घालायला गेलो तेव्हा त्यांनी चहा दिला आणि तोच प्रश्न विचारला. मी धडाधड सांगितलं, शिक्षक होता येतं, बँकेत जाता येतं, विमा कंपनीत, हवामान खात्यात.

"होता येतं ते कळलं," काका म्हणाले. "झालायस काय?"

माझी जीभ सुटली. गणितवाल्याला कुठलंही काम द्या, तुमची ही भट्टीसुद्धा दुप्पट वेगानं चालवून दाखवतो, असं मी ठणकावून सांगितलं.

"ईद तोंडावर आलीय," काका म्हणाले. "उद्या ये. जमलं तर पुढचं बोलू. नाही जमलं तर चहा प्यायलास, तेवढ्यावर समाधान मान."

ईदच्या आधी गल्लीतलं घर न् घर कहक करायचं. तुपात मळलेली गोल बिस्किटं, वर चिमट्यानं काढलेली नक्षी. भट्टीवरूनच काळे पत्रे न्यायचे, त्यावर कहक मांडायचे आणि डोक्यावरून भाजायला आणायचे. एका वेळी एकीचेच पत्रे आत जायचे आणि ते बाहेर येईपर्यंत ती बाई भट्टीसमोरून हलायची नाही. पहिल्याच फेरीला मला दिसलं, अर्धी भट्टी रिकामी! केवढी ही नासाडी!

मी नवी पद्धत लावली. पत्रा कुणाचाही असो, जागा दिसली की आत. जाड कहक मागे, पातळ तोंडाशी. प्रत्येक पत्र्याच्या काठावर खडूनं आकडा आणि तो आकडा बाईनं लक्षात ठेवायचा. उम्म सामेह, म्हणजे सामेहची आई, गल्लीतली सगळ्यात जुनी सुगरण, म्हणाली, "बाळा, तू जन्मायच्या आधीपासून माझे कहक माझ्या डोळ्यांसमोर भाजले जातात." मी तिला घरी पाठवलं. दुपारपर्यंत रांग संपली. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आतल्या दाराआडून नजवा हसली. मी मनातल्या मनात मुलांची नावं ठरवू लागलो.

मग पत्रे बाहेर आले. सगळे सारखेच काळे, सारखेच तुपानं चकाकणारे, आणि खडूचा पत्ता नाही! उकळलेलं तूप काठावर आलं होतं आणि आकडे पुसून गेलं होतं. विद्यापीठात तूप हा विषय नव्हता.

बायका जमल्या. खुसखुशीत, सोनेरी कहकांवर सगळ्यांनीच हक्क सांगितला. "ही नक्षी माझी," उम्म सामेह म्हणाली. "नक्षी तुझी असेल, हात माझा आहे," शेजारची उम्म वफा म्हणाली. ईदला हेच कहक ताटं भरून पाहुण्यांकडे जायचे, म्हणजे प्रश्न घराण्याच्या अब्रूचा. चव घेऊन निकाल लावावा, तर सगळ्यांचे रोजे!

एका पत्र्याला मात्र कुणीच हात लावेना. मी पिठाच्या पोत्यावर चढलो. चाखता येत नसेल तर वाजवून बघू, म्हणालो आणि त्यातला एक कहक पत्र्यावर आपटला. पत्र्याला पोचा आला, कहक शाबूत!

"याला कुणी मालक नसणारच," मी म्हणालो. "हा जात्याचा तुकडा आहे."

भांडणाऱ्या बायका पोट धरून हसल्या. काका हसले नाहीत. आतून नजवा आली, मान खाली घालून तो पत्रा उचलून गेली. तिनं आयुष्यात पहिल्यांदा कहक केले होते आणि ते आमच्या घरी पाठवायचे होते.

"घरी जा," काका एवढंच म्हणाले.

मी गेलो नाही. पायरीवर बसून राहिलो. नजवाशिवाय त्या पदवीला काय चाटायचं होतं? सूर्यास्ताची बांग झाली, लोकांनी खजूर तोंडात टाकला. मी आतलं दार वाजवलं आणि तो पत्रा मागितला.

त्या कहकांवर मी रोजा सोडला. पहिला गिळला. दुसऱ्याला दाढ हलली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. काकांना वाटलं, पश्चात्ताप! मी तो गैरसमज दूर केला नाही.

"पाणी तरी घ्या," नजवा दाराआडून म्हणाली. ती हसत होती.

काका पत्र्याकडे बघून म्हणाले, "गणितानं पोट भरेल की नाही, अल्ला जाणे. पण दात चांगले आहेत. उद्या वडिलांना घेऊन ये, फातिहा वाचून लग्न ठरवून टाकू."

बाकीच्या पत्र्यांचा निकाल लागलाच नाही. बायकांनी शेवटी सगळे कहक एकत्र करून वाटून घेतले. त्या ईदला गल्लीतल्या प्रत्येक ताटात सगळ्या गल्लीचे कहक होते. तशी ईद पुन्हा झाली नाही. आता भट्टीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. कहक दुकानातून खोक्यात येतात, सगळ्यांवर एकच नक्षी, आणि त्यांच्यावरून कुणी भांडत नाही. मला फार चुकल्याचुकल्यासारखं होतं.

नेमणूकही यथावकाश आली. गणित शिकून काय होता येतं, असं मुलं विचारायची, तेव्हा मी बँक, विमा, हवामान सगळं सांगायचो. जावई होता येतं हे सांगायचो नाही.

शहाताकाकांनी ज्या दातांवर मुलगी दिली, ते आता उरले नाहीत. नजवाचे कहक मात्र तेच. यंदा ईदला तिनं कहकबरोबर चहाचा पेला पुढे केला.

"बुडवून खा," ती म्हणाली.

मी बुडवला. चहा संपला. कहक तसाच होता.