शाहिराच्या डोक्याचा पंचनामा

पुरातन वस्तू कार्यालयाचे निरीक्षक बहगत एका मंगळवारी कोम एल-रीह गावात दगड शोधायला आले आणि त्यांना दगड मिळाला नाही. यात नवल काही नव्हतं. नाईलकाठच्या त्या गावात कुठेही कुदळ मारली, की चार हजार वर्षांपूर्वीचा एखादा दगडी कारकून मांडी घालून, मांडीवर कागद पसरून वर येतो. तो वर आला की मागोमाग कार्यालय येतं, घराच्या दाराला लाल लाखेचं सील ठोकतं आणि घरातली माणसं पुढची अकरा वर्षं मेहुण्याकडे राहतात. त्यामुळे कारकून दिसला रे दिसला की त्याच्यावर माती लोटायची, वर म्हैस बांधायची आणि कुणी विचारलं तर कानांवर हात ठेवायचे, ही शिस्त गावाच्या अंगात मुरलेली होती.

बहगत यांनी सतरा गोठे पाहिले. सतराही गोठ्यांत म्हैस अगदी मधोमध बसलेली होती आणि तिला उठवायला मालक तयार नव्हता. शेवटी ते कंटाळून कहवाखान्यात काळा चहा घेत बसले.

तिथे शाहीर मेतवल्ली रबाबाच्या तारेवर गज फिरवत नातीला, वफाला, शिकवत होते. मेतवल्लींचं वय चौऱ्याहत्तर. वाळवंटातून आलेल्या एका अरब टोळीची गाथा, सात रात्री पुरेल एवढी, त्यांना तोंडपाठ. ती त्यांना बापाकडून मिळाली, बापाला त्याच्या बापाकडून. मुलगा शाबान कुवेतला टॅक्सी चालवायचा आणि गाथा म्हटली की फोन ठेवून द्यायचा. उरली वफा. ती चौथ्या रात्रीपर्यंत पोचली होती. उरलेल्या तीन रात्री तिच्या डोक्यात घातल्याशिवाय मरायचं नाही, असं म्हाताऱ्यानं ठरवून टाकलं होतं.

"छान आहे," बहगत म्हणाले. "जुनं वाटतंय."

इथे मेतवल्ली चुकले. दगडाच्या बाबतीत गावातलं शेंबडं पोरसुद्धा चुकलं नसतं. पण गाथा काही दगड नव्हे, आणि गाथेचं वय विचारलं की शाहिराची छाती आपोआप फुगते.

"जुनं? बहगतसाहेब, नऊशे वर्षं! खरं विचाराल तर हजार!"

"म्हणजे शंभराच्या वर नक्की?"

"शंभर? शंभराचा तर हा माझा रबाब आहे!"

बहगत यांनी चहा बाजूला सारला आणि पिशवीतून दोन फॉर्म काढले. दुसरा रबाबासाठी होता.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू सरकारची, असा नियम होता आणि नियमात वस्तू म्हणजे काय हे लिहिलेलं नव्हतं. पंचनामा जागेवरच झाला. वस्तू: गाथा, नग एक. लांबी: सात रात्री. सापडल्याचे ठिकाण: मेतवल्ली यांचे डोके. स्थिती: समाधानकारक, धारकाचे पुढचे तीन दात पडल्याने काठाला किरकोळ झीज.

"वस्तू भांडारात जमा करावी लागेल," बहगत म्हणाले.

"अहो, ती डोक्यात आहे."

"तसं मी लिहिलंय."

"मग काय डोकं जमा करू?"

"डोकं तुमचं खाजगी आहे," बहगत समजुतीनं म्हणाले. "त्याला आम्ही हात लावणार नाही. फक्त ते उघडायचं नाही."

"उघडायचं नाही म्हणजे?" वफानं विचारलं.

"म्हणजे तोंड."

"पण म्हटली नाही तर ती टिकेल कशी?"

"मुली, ते दगडी कारकून बघ. चार हजार वर्षं टिकले. बोलले का कधी एक अक्षर?"

वफा रबाब उचलायला वाकली. तेवढ्यात रबाबाला चिठ्ठी बांधून झाली होती.

जप्त वस्तूला पहारा लागतो. मेतवल्लींच्या डोक्याशेजारी चोवीस तास थांबेल असा माणूस शोधण्यात आला आणि चौकशीअंती ते मेतवल्लीच निघाले. त्यांना रखवालदाराचा कोट, काठी आणि शिट्टी मिळाली. रोज सकाळी आपलं डोकं जागेवर असल्याची सही ते वहीत करत. झोपेत बडबडण्याची सवय असल्यानं झोपेपुरता पहारा बायकोकडे, हाज्जा नफीसाकडे, सोपवण्यात आला.

"पन्नास वर्षं ह्यांना गप्प बसा म्हणत्येय," नफीसा शेजारणींना म्हणाली. "सरकारला एका कागदात जमलं."

वफानं मात्र हार मानली नाही. गाथा शिकण्यासाठी तिनं रीतसर अर्ज केला. कार्यालयानं तो पुरातन वस्तूची प्रतिकृती बनवणे या सदराखाली मंजूर केला. अट एकच. खऱ्याखोट्याची भेसळ होऊ नये म्हणून प्रत्येक ओळीनंतर खुलासा करायचा. त्याप्रमाणे शिकवणी सुरू झाली.

"सरदारानं घोड्याला टाच दिली," मेतवल्ली गायचे.

"सरदारानं घोड्याला टाच दिली," वफा गायची. "ही प्रतिकृती आहे."

"आणि धुळीनं सूर्य झाकला."

"आणि धुळीनं सूर्य झाकला. ही प्रतिकृती आहे."

पंधरा दिवसांत घोडा एक फर्लांग पुढे गेला. मेतवल्लींना सारखी जांभई येऊ लागली. वफालाही वीट आला, पण बोलायची चोरी होती. शिकवणी बंद पडली.

दरम्यान बहगत यांच्या लक्षात आलं, की गेली पन्नास वर्षं अख्खं गाव ही गाथा ऐकत आलंय, म्हणजे घरोघरी पुरातन वस्तूचे तुकडे दडवलेले असणार. डोक्यांची झडती सुरू झाली. कोम एल-रीहला असल्या प्रसंगी काय करायचं ते चांगलं ठाऊक होतं.

"गाथा? कसली गाथा?"

"आम्ही बुवा तिथे फक्त चहा प्यायला जायचो."

"माझे कान लहानपणापासूनच अधू आहेत, बहगतसाहेब."

गावानं गाथेवर माती लोटली आणि वर म्हैस बांधली. बहगत यांनी प्रत्येकाला गरुडाच्या शिक्क्याचं निरंक प्रमाणपत्र दिलं: सदर इसमाच्या डोक्यात कोणताही वारसा आढळून आला नाही. पुढे वीजजोडणीला, लग्नाला, हजच्या अर्जाला हे प्रमाणपत्र लागू लागलं, तेव्हा लोकांनी ते चौकटीत बसवून बैठकीत लावलं.

यात तीन वर्षं गेली. मग त्याच कार्यालयात कारकुनाची जागा निघाली आणि म्हाताऱ्याला युक्ती सुचली.

"तू आत शीर, पोरी. आतून फाइल हलव आणि माझं डोकं सोडव. तीन रात्री राहिल्यात अजून."

"पण तिथे निरंक प्रमाणपत्र मागतात, आजोबा. घरचा वारसा ऑफिसच्या वारशात मिसळू नये म्हणून."

"मग गप्प बस त्यांच्यासमोर. सगळं गाव बसलंय, तुला काय धाड भरलीय?"

झडतीच्या दिवशी मेतवल्ली कोट-शिट्टीसह हजर होते, कारण डोकं घरी ठेवून येता आलं नसतं. बहगत यांनी पंचनाम्याची फाइल उघडली.

"तिसरी रात्र. सरदाराची बहीण विहिरीवर येते. पुढे?"

वफा गप्प.

"पुढे? आठव, आठव."

वफाच्या कपाळावर घाम आला, पण ती गप्पच राहिली. बहगत यांनी शिक्का मारला आणि तिचं अभिनंदन केलं.

कालव्याच्या कडेनं घरी जाताना म्हातारा खुशीत होता. "काय नाटक केलंस गं! घामसुद्धा आणलास! आता हळूच सांग बघू, विहिरीवर काय होतं?"

वफा थांबली. तिचे डोळे भरून आले होते. "आजोबा, मी गप्प बसायचं ठरवूनच गेले होते. पण गप्प बसायलासुद्धा आत काहीतरी लागतं ना. मी खूप शोधलं. काही नव्हतंच."

"अगं, सोप्पं आहे," मेतवल्ली म्हणाले, "ऐक," आणि त्यांनी तोंड उघडलं. कालव्यातून एक होडी आली आणि लांब निघून गेली. तोंड उघडंच होतं.

महिनाभरानं त्यांनाही निरंक प्रमाणपत्र मिळालं आणि कोट, काठी व शिट्टी परत घेण्यात आली.

हे प्रमाणपत्र आता सर्वांनाच काढता येतं. तुम्हीही काढून ठेवलेलं बरं. अर्ज एका ओळीचा आहे: आजीनं सांगितलेली कोणतीही एक गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोबाइल न पाहता, सांगा. सांगता आली तर अर्ज नामंजूर होतो. घाई नाही, सावकाश आठवा. बहगत यांनी स्वतःसाठी चहा मागवलाय. शिक्का मात्र त्यांनी आधीच शाईवर टेकवून ठेवलाय.