भरमाण्णा मास्तरांचं इथिलीन

बारशाला गेलं की लोक पाळण्यात डोकावून "कुणावर गेलाय हो?" असं विचारतात. आमचे भरमाण्णा मास्तर वाकले, बाळाला निरखून पाहिलं आणि म्हणाले, "झ्याक! ह्याच्यातनं आणि काय काय हुईल?" बाळाची आजी जी आत गेली, ती मास्तर निघेपर्यंत बाहेर आली नाही.

बेळगुंदीच्या शेतकरी घरातले मास्तर बेळगावात आमच्या शाळेत रसायन शिकवत, मी ड्रॉइंग. आमच्या राहायच्या खोल्यांमध्ये एकच भिंत, त्यामुळे त्यांच्या 'ह्याच्यातनं काय हुईल'पासून घरीही सुटका नव्हती. निपाणीचा कुणी भेटला की तंबाखूच्या देठांचं काय करता म्हणून त्याला भर रस्त्यात धरायचे. चहासुद्धा बसून प्यायचे नाहीत.

सगळा जीव इथिलीनवर. वर्गात स्पिरिट आणि गंधकाम्ल तापवून तो वायू काढायचे आणि नाचायचेच बाकी राहायचे. "कर्बाचे दोन अणू, एकमेकांचे दोन-दोन हात धरून उभे. एकेक हात सोडला की वाटंल त्याला धरत्यात! पाणी जोडा, दारू. क्लोरिन जोडा, तेल. आणि इथेन? सगळे हात गुंतलेले. नुसतं जाळायचं. लई आळशी!" हेडमास्तरांनाही ते खासगीत इथेन म्हणत.

घरात धाकटी बहीण पारू, लग्नानंतर वर्षातच विधवा होऊन आलेली. प्रयोगात पोरांचे हात भाजले की मास्तर त्यांना घरी आणत आणि पारूआक्का मलमपट्टी करत. एक दिवस तिनं मिरजेच्या नर्सिंगचा फॉर्म पुढं केला. त्यावर भावाची सही हवी होती. शनिवारी तो टपालात पडायला हवा होता.

"तुला हितं काय कमी हाय गं?" भिंतीपलीकडून मास्तरांचा आवाज आला.

"अण्णा, वर्गात सांगतोस त्ये घरात कवा सांगणार?"

त्यानंतर मास्तर अंगणात नुसत्या फेऱ्या मारू लागले. फॉर्म फळीवर तसाच. शुक्रवारी त्यांच्या वर्गावरून जाताना थांबलो. इथिलीननं ब्रोमिनला धरून त्याच्या पाण्याचा तांबूस रंग घालवला होता.

"सर, मग पैलं इथिलीन परत मिळतंय?" एका मुलानं विचारलं.

मास्तर नळीकडं बघत राहिले. "परत कशाला पायजे रं? किती दिवस कोंडून ठेवायचं त्याला?" मग पाठ फिरवून कोरा फळा पुसत बसले. संध्याकाळी त्यांनी सही केली.

ती निघाली त्या दिवशी मास्तरांनी ट्रंक स्वतः उचलली. गाडी सुटेपर्यंत, भाजल्यावर काय लावायचं ते तिला बजावत होते. ते सगळं तिच्याकडूनच शिकले होते.

दुसऱ्या दिवशी पातेलं घेऊन माझ्या दारात आले. "ड्रॉइंगवाले, एकट्याला तांदूळ किती घ्यायचं वं? तीच घालायची. मी कवा बघितलंच न्हाय."

"आज आमच्यात जेवा," मी म्हटलं. "व्हय," म्हणाले, पण पातेलं धरून तसेच उभे राहिले.