धोंड्याचे टायर

अधिक महिन्यात सासुरवाडीला धोंडे खायला गेल्यावर जावयानं दोनच पथ्यं पाळायची असतात. पोटभर जेवायचं, आणि 'काय पाहिजे?' असं विचारलं की 'काही नको' म्हणायचं. पहिलं पथ्य मी चोख पाळलं. (त्यात माझा हात धरणारा जावई सगळ्या हिंगोली जिल्ह्यात नसेल.) दुसऱ्यात घसरलो.

सासुरवाडीला, म्हणजे हट्टा गावी, पंगतीत बसलो होतो. पुरणाचे धोंडे तुपात बुडवून चालले होते. माझे मेव्हणे व्यंकटराव वाढता वाढता म्हणाले, "दाजी, यंदा चांदीबिंदी न्हाई. तुमाला कामाचं काय लागते ते सांगा."

तुपानं मऊ झालेल्या जिभेवरून निसटलं, "गाडीचे टायर फार गुळगुळीत झालेत हो."

एवढंच बोललो. मग सुस्ती आली म्हणून आडवा झालो. उठून पाहतो तर अंगणात माझी गाडी उभी, आणि तिच्या पायात नवेकोरे, रुंदच्या रुंद टायर. वर चकाकणारे मॅगव्हील, म्हणजे नक्षीची चाकं. व्यंकटराव मी घोरत असताना गाडी वसमतला नेऊन सगळं बसवून आले होते. आमची गाडी म्हणजे कळमनुरीतल्या एका कारकुनाची, म्हणजे माझी, सेकंडहँड मोटार, पांढरी, अंगानं बारीक. थोरल्या भावाचे बूट घालून शाळेत निघालेल्या पोरासारखी दिसत होती.

"जरा मोठे नाही का झाले?" मी विचारलं.

"मंग? जावयाला बारीक टायर देले तर गाव काय म्हणंल?" व्यंकटराव म्हणाले.

सासूबाई, म्हणजे रूपामामी, कौतुकानं बघत होत्या. सासरे उकंडराव ओट्यावर बसून होते. लग्न झाल्यापासून ते माझ्याशी 'या' आणि 'बसा' एवढंच बोललेत. त्यांनी टायरांना हळदकुंकू लावलं आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसले.

परतीच्या वाटेवर पहिल्याच गतिरोधकाला मागून आवाज आला. घर्रर्र!

"काय झालं?" माझी बायको निलम अनारशांचा डबा मांडीवर घेऊन मागे बसली होती.

मी उतरून पाहिलं. चाकाच्या वर मडगार्डचा पत्रा असतो ना, त्याची कड आतल्या बाजूला दुमडलेली असते. टायर इतका रुंद, की मागे वजन पडून गाडी खाली बसली की तो त्या कडेला घासायचा. नुकसान म्हणाल तर टायर सोलून निघणार होता. मी निलमला शास्त्रशुद्ध समजावलं, "मी एकटा असलो की आवाज येत नाही. तू बसलीस की येतो."

(हे वाक्य मी दुसऱ्या शब्दांत सांगायला हवं होतं. कळमनुरी येईपर्यंत तेवढीच गोष्ट मला कळली.)

घरी आल्यावर म्हणालो, "दुकानातून बदलून आणू का?"

"धोंड्याचा आहेर परत करता?" निलमचा आवाज चढला. "माझ्या बाबांनी गावात तोंड कुठं दाखवायचं? जावयाला आमचं देणं पसंत पडलं नाही म्हणून?"

तेवढ्यात रूपामामींचा फोन. अधिक महिना सरायच्या आत औंढा नागनाथाला जायचंय. सगळ्यांनी, एकाच गाडीत. "जावईबापूच्या गाडीत जाऊ. आपल्याच टायरवर!"

म्हणजे मामा, मामी, निलम आणि व्यंकटराव. व्यंकटराव एकटेच दोन सिटांचे. त्या वजनाखाली गाडी हट्ट्यापासून औंढ्यापर्यंत रडत जाणार, आणि तो रडण्याचा आवाज म्हणजे सासरच्या आहेराला भर रस्त्यात ठेवलेलं नाव. निलमला मान वर करता आली नसती. मला तर जेवणच मिळालं नसतं.

तेव्हा मी निर्णय घेतला. टायर बदलता येत नाहीत, तर गाडी बदलायची. म्हणजे तेवढी कड कापायची. घरीच. मोबाईलवर एक गॉगलवाला माणूस हे काम शीळ घालत करतो, ते मी पाहिलं होतं.

"अधिक महिन्यात नवं शुभ काम काढत नसतात," निलमनं आठवण करून दिली.

"गाडी कापणं शुभ काम कधीपासून झालं?" मी म्हणालो. तिला हे पटलं, आणि का पटलं याचा विचार मी केला नाही.

आधी कड नेमकी कुठं घासते ते बघायला हवं. त्यासाठी मी पानाचा ओला चुना चारी कडांना आतून फासला. जिथला चुना पुसेल तिथं कापायचं. आता वजन हवं. शेजारचे मकबूलभाई, बांगड्यांचे व्यापारी, हे वजनदार गृहस्थ. (दोन्ही अर्थांनी.) त्यांना म्हणालो, पाच मिनिटं गाडीत बसा. ते आले. मागून त्यांच्या बायको खतीजाभाभी आल्या, नवी ओढणी, हातात पर्स, पिशवीत पाण्याची बाटली.

"भाभी, फक्त गल्लीतून चक्कर मारायची आहे," मी म्हणालो.

"अब बसलोच हाव तर वारंगा फाट्यापर्यंत चला ना भाईसाब," मकबूलभाई ऐसपैस टेकत म्हणाले. "गल्लीतल्या गल्लीत टायरला काय समजते?"

त्यांचं बरोबर होतं. व्यंकटरावांचं वजन भरून काढायला मी डिकीत गव्हाचं पोतं टाकलं आणि निघालो. वारंगा फाट्याला चहा झाला, भजी झाली, भाभींनी रस्त्यावरच्या गाड्यावरून टरबूज घेतलं आणि प्रयोगाचं वजन आणखी वाढवलं. परतताना मागून असा घर्रर्र निघत होता, की एक म्हैस स्वतःहून रस्त्याच्या कडेला झाली. घरी येऊन वाकून पाहिलं. मागच्या दोन्ही चाकांवरचा चुना पुसला होता. पुढचा शाबूत.

मकबूलभाईंकडे फरशी कापायला आणलेलं ग्राइंडर होतं. पत्र्याचं पातं मी विकत आणलं. चाक काढलं, आजूबाजूचं ओल्या पोत्यांनी झाकलं, चष्मा लावला, आणि बटण दाबलं.

काय सांगू! ठिणग्यांची अशी कारंजी उडाली, की दिवाळी अधिक महिन्यातच आली असं वाटावं. माझ्या आयुष्यात इतका आवाज मी स्वतः कधी केला नव्हता. कचेरीत मी खोकतोसुद्धा साहेबांची परवानगी घेतल्यासारखा. इथं गल्ली गोळा झाली होती आणि मी लोखंड कापत होतो. मला फार म्हणजे फार आनंद झाला.

"अहो, कुरडया!" निलम किंचाळली.

अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांच्या दिशेनं काळी पूड निघाली होती. सगळ्या बायांनी मिळून बाज उचलली. कुरडया वाचल्या. (दोनचार तळल्यावर करकर लागल्या, त्या मी मुकाट्यानं खाल्ल्या.)

डाव्या बाजूची कड अर्धी कापली आणि लाईट गेली. गल्लीतल्या प्रत्येकानं येऊन त्या अर्धवट लोंबणाऱ्या पत्र्याकडे बघून 'च्च च्च' केलं. लाईट येईपर्यंत मी हातात बंद ग्राइंडर घेऊन तसाच उभा होतो, कारण खाली ठेवलं असतं तर लोकांना वाटलं असतं मी हरलो. पण लाईट आली. डावी झाली, उजवीही झाली. कानस मारून धार मोडली. गंजू नये म्हणून आतून तांबडा प्रायमर मारला, आणि निघायच्या दिवशी सकाळी हौसेनं आणखी एक हात दिला.

हट्ट्याला सगळे बसले. व्यंकटराव मागे बसले तेव्हा गाडीनं दीर्घ श्वास सोडला. मी गिअर टाकला. पहिला गतिरोधक आला. मी डोळे मिटले. (अर्धेच. चालवत होतो ना.)

आवाज नाही.

दुसरा आला. नाही. एक मोठा खड्डा मी मुद्दाम घेतला. काही नाही! छातीत असा गारवा पसरला, की साक्षात नागनाथानं पाठ थोपटली असं वाटलं. मी आरशातून विजयी नजरेनं मागे पाहिलं.

मागे सुतक होतं. मामी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. व्यंकटराव खिडकीबाहेर बघत होते.

"दाजी, गाडी थांबवा," ते म्हणाले.

थांबवली. आणि मग फुटलं. निलमचा आईला रोज फोन असतो. आमच्याकडं भाजी कोणती झाली हेही हट्ट्याला कळतं. पहिल्याच दिवशी ती सांगून बसली होती, टायर घासून राहिले, गाडी ओरडते. अधिक महिन्यात काम काढलं म्हणून बोलणी नकोत, यासाठी कापण्याचं तेवढं तिनं लपवलं होतं. हट्ट्याला सगळे जिवाला लावून घेऊन होते. आणि आज गाडी गप्प. त्याचा अर्थ तिघांनी एकच काढला होता.

"टायर इकले ना जावईबापूनं?" मामी रडत म्हणाल्या. "आमचं देणं न्हाई आवडलं तर सांगायचं व्हतं. इकले काहून?"

निलम 'अगं आई' म्हणेपर्यंत व्यंकटराव खाली उतरून मागच्या चाकाशी बसले. मॅगव्हील पाहिलं. टायरवरची अक्षरं बोटानं वाचली. मामांनी लावलेलं हळदकुंकूसुद्धा एका खाचेत अजून होतं.

"टायर तर तेच हायत," ते गोंधळून म्हणाले. "मंग आवाज कुठं गेला?"

त्यांनी कडेच्या आत हात घातला. बाहेर आला तो तांबडालाल. पांढऱ्या शर्टाला पुसला तेव्हा मामी ओरडल्या. पण व्यंकटराव मडगार्डकडे बघत राहिले.

"दाजी," ते हळूच म्हणाले, "तुमी गाडी कापली?"

"कड तेवढी," मी म्हणालो. "टायर कसे बदलणार? धोंड्याचे होते."

व्यंकटरावांनी मला भर रस्त्यात मिठी मारली. (माझ्याही शर्टाचं काम झालं.) मामींनी आता दुसऱ्या कारणानं रडायला सुरुवात केली. "आमच्या टायरसाठी सोताची गाडी कापली वो! असा जावई दिवा घेऊन धुंडला तरी भेटंल का?" निलमनं माझ्याकडं जे पाहिलं ते लग्नातही पाहिलं नव्हतं. औंढ्याला व्यंकटरावांनी ओळखीच्या प्रत्येक माणसाला बोलावून मडगार्डच्या आत हात घालायला लावला. अर्धा औंढा तांबड्या हातानं फिरत होता, आणि मी हार घातल्यासारखा ताठ उभा होतो.

तेव्हा उकंडमामा गाडीजवळ आले. वाकले. टायर आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत चार बोटं घालून त्यांनी नीट अंदाज घेतला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलले.

"जावईबापू, पुढच्या धोंड्याला ह्याच्याहून मोठे देतो. आता जागा झालीच हाय."