अण्णांच्या रेडिओतला बिनतिकिटाचा

लाइट गेली की गारखेड्यातल्या आमच्या इमारतीत एकच माणूस खूश होतो. बाकीचे सगळे गॅलरीत येऊन वीजवाल्यांच्या नावाने बोटे मोडत असतात, लिफ्टमध्ये कोणी अडकले का ते विचारत असतात, आणि दुसऱ्या मजल्यावरून म्हस्के अण्णांचा आवाज येतो, "आलं! आलं! लई झकास आलं!"

आलेला असतो तो रेडिओ.

अण्णांबद्दल आमच्याकडे बरेच किस्से सांगितले जातात. त्यातले निम्मे मीच सांगितलेले आहेत, आणि सांगताना थोडे तिखटमीठ लावलेले आहे. मी त्यांच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर राहतो. सोसायटीचा सेक्रेटरीही मीच. त्यामुळे माझे बोलणे लोकांना खरे वाटते. आता वय झाले. खरे काय ते एकदा लिहून टाकावे म्हणतो.

अण्णा लाल बसमध्ये कंडक्टर होते. उभी नोकरी पैठणच्या रस्त्यावर झाली. निवृत्त झाल्यावर थोरला मुलगा राजू याच्याकडे आले. बायको धाकट्याकडे लातूरला गेली. त्याला जुळी झाली होती, दोन महिन्यांपुरते जायचे होते. जुळी आता शाळेत जातात, पण अजून ती तिकडेच आहे. एका मुलाकडे आई, एकाकडे वडील, अशी वाटणी आमच्याकडे बऱ्याच घरांत असते. त्याचे कोणाला काही वाटत नाही. मलाही वाटले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी अण्णांनी हट्टाने डिजिटल रेडिओ मागवून घेतला. जुना रेडिओ म्हणजे दमेकरी म्हातारा. खोकत का होईना, बोलायचा. हा नवा नवाबाच्या घराण्यातला. जवळपास कुठे विजेची गडबड झाली की खरखर वगैरे नाही, थेट मौनव्रत. पडद्यावर केंद्राचे नाव दिसते, आवाज मात्र शून्य. आणि आमच्या इमारतीत गडबडीला काय तोटा? चार्जर, स्वस्तातले एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, इंडक्शनच्या शेगड्या.

"सायेब, रेडिओत बिनतिकिटाचा घुसलाय," अण्णा मला म्हणाले. "कोणत्या स्टॉपवर चढला तेवढं कळालं पायजे."

तेव्हापासून रोज पावणेसातला तपासणी सुरू झाली. अण्णा रेडिओ तान्ह्या पोरासारखा छातीशी धरून जिना उतरायचे. दारासमोर तो आडवा, उभा, तिरपा फिरवायचे, मग बेल वाजवायचे.

"भाभी, मशीन चालू हाय का?"

तळमजल्यावरच्या शेख भाभी कपडे शिवतात. "अण्णा, शादी के कपडे हैं, कल देने हैं!"

"बस आधा घंटा, भाभी. डबल बेल दिली की चालू करा."

ही डबल बेल म्हणजे साडेसातला जिन्याच्या लोखंडी कठड्यावर किल्लीने मारलेले दोन ठोके. टिंग टिंग. की भाभींचे मशीन सुरू, समोरचा मिक्सर सुरू, सगळी इमारत पुन्हा गिअरमध्ये.

बिनतिकिटाचा कोण, याबद्दल अण्णांचे अंदाज रोज बदलत आणि बहुतेक चुकत. एकदा त्यांनी लिफ्टवर आळ घेतला, एकदा शेख भाभींच्या फ्रीजवर. एकदा तर वरच्या मजल्यावरच्या गुरुजींचे श्रवणयंत्र काढायला लावले. अर्धा तास गुरुजी बिचारे सगळ्यांना नुसते हसून दाखवत बसले. रेडिओ तरी मुकाच.

एवढा आटापिटा कशासाठी? तर सात वाजताच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी. दोन माणसे गावच्या पारावर बसल्यासारखी एकमेकांची खेचत खेचत खताची न् फवारणीची माहिती देतात. अण्णांकडे शेत सोडा, तुळशीची कुंडीसुद्धा नाही.

मी म्हणालो, "अहो, हाच कार्यक्रम मोबाइलवर येतो. राजूला सांगा, लावून देईल."

"मोबाइलची गाडी लेट आसती, सायेब."

"मग साध्या रेडिओवर ऐका. तिथेही तोच लागतो."

"त्याची आदी सुटती. मला सातची गाडी सातलाच पायजे."

पाच-दहा सेकंदांचा फरक! हा किस्सा मी निदान पन्नास जणांना सांगितला असेल. प्रत्येक वेळी हशा.

गप्पांच्या ओघात अण्णा बसच्या गोष्टी सांगायचे. त्यातली एक इथे सांगायला हवी. चितेगावच्या स्टॉपवर एक म्हातारी चढायची, कनवटीला पैसा नसायचा. दवाखान्यात लेकाला डबा घेऊन जायची.

"मग काय करायचात?"

"काय करनार? ती चढली की मी खिडकीतून भाईर बघायचो. लई येळ बघायचो. बाभळी मोजायचो."

"आणि तपासनीस आला तर?"

"तर माझ्या खिशातून. पर सायेब, बिनतिकिटाचा धरायचा का नाय, ते कंडक्टरच्या नजरंवर आसतं."

एके दिवशी तपासणी आमच्या घरी आली. मी टीव्ही, पंखा, वॉटर फिल्टर, सगळे बंद केले. "सगळं बंद?" "सगळं बंद." अण्णा रेडिओ फिरवत फिरवत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात देव्हाऱ्यापाशी गेले. तिथे एक विजेचा दिवा आहे. माझी बायपास झाली तेव्हा आमच्या हिने नवस बोलला होता, की हे सुखरूप घरी आले तर देवापुढचा दिवा विझू देणार नाही. तेलाचा दिवा रात्रंदिवस ठेवायला भीती वाटते, म्हणून मुलीने हा आणून दिला. सोनेरी प्लास्टिकच्या पाच वाती, सतत लुकलुकणाऱ्या. देवाचा दिवा हे विजेचे उपकरण असते, हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आले नाही. "सगळं बंद" हे मी अगदी खरे समजून बोललो होतो.

अण्णा तिथे थबकले. "ह्यो कवापास्नं हाय, वैनी?"

हिने नवसाची सगळी हकिगत सांगितली. मी जरा सावध झालो. अण्णा बौद्ध, घरात फक्त बुद्धाची मूर्ती, नवस-उपासाला थारा नाही. आता काहीतरी टोमणा मारणार असे मला वाटले. पण ते वळून खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ बाहेर बघत राहिले.

"त्या डीपीचाच दोष दिसतोय," समोरच्या ट्रान्सफॉर्मरकडे बोट दाखवून ते म्हणाले. "तुमच्याकडं काय नाय, सायेब. लावा टीव्ही."

त्यानंतर ते आमच्या दारी कधी आले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी पार्किंगमध्ये एका पोराच्या इलेक्ट्रिक स्कूटरची पिन उपसली आणि लावायला विसरले. पोराने दुसऱ्या दिवशी स्कूटर छावणीपासून ढकलत आणली. मी तातडीने सभा बोलावली. ठराव माझ्याच हातचा: 'रेडिओच्या कारणास्तव कोणीही कोणाच्या घराची बेल वाजवू नये किंवा कोणाचे उपकरण बंद करू नये.' सर्वानुमते मंजूर. अण्णांनी स्वतः हात वर केला. कंडक्टरला नियम म्हणजे नियम.

टिंग टिंग बंद झाले.

मग दसऱ्याची साफसफाई आली. हिने देव्हारा घासायला काढला, देव पाटावर मांडून पुढे निरांजन लावले आणि दिव्याची पिन काढून ठेवली. संध्याकाळी सात वाजता वरून आवाज आला, "आलं! आलं!" लाइट तर गेलेली नव्हती. थोड्या वेळाने हिने दिवा परत लावला. वरचा रेडिओ वाक्याच्या मध्येच तुटला.

हिची पाठ वळल्यावर मी बटण बंद केले. वरून बोलणे ऐकू आले. चालू केले. शांतता. पुन्हा बंद, पुन्हा चालू. माझ्या एका बोटावर वरच्या माणसाचा रेडिओ जिवंत होत होता आणि मरत होता. मी शेवटी बटण चालूच ठेवले आणि टीव्हीपुढे जाऊन बसलो.

नवस हिचा, तो कसा मोडायचा, अशी मी मनाची समजूत घातली. खरे कारण वेगळे होते. ठरावाची शाई वाळली नव्हती. ज्याच्याविरुद्ध सभा भरवली, त्याच्यापुढे जाऊन 'चोर माझ्याच घरात आहे' असे सांगायचे? जीभ उचलेना. असे दोन महिने गेले.

थंडी पडली. एका संध्याकाळी फिरायला गेलो असताना, वस्तीच्या टोकाला मोकळ्या प्लॉटवर सिमेंटच्या पाइपावर अण्णा बसलेले दिसले. मफलर, स्वेटर, मांडीवर रेडिओ, शेजारी दोन कुत्री. मी काही बोलणार तोच त्यांनी बोट वर केले. मी उभा राहिलो. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी रेडिओ बंद केला.

"इतक्या थंडीत इथे कशाला बसता?"

"हितं वायर नाय, सायेब. साफ येतं."

"पण मोबाइलवर..."

अण्णा हसले. मग सांगावे की नको, असे करत बोलले, "तिकडं धाकट्याच्या गाडीत ह्योच डिजिटल हाय. राजूची आई रोज सातला खाली पार्किंगमदी जाऊन गाडीत बसती. दार लावून. सुनंला वाटतं, सासूला गाडीचा नाद लागला."

"म्हणजे दोघे मिळून..."

"व्हय. ड्युटीवरून आलो की मी भितीला टेकायचो, ती भाकरी थापायची, मधी रेडिओ. बोलनं कुठं व्हतं आमचं? आता फोन करतो की. जेवली का, गोळी घेतली का. तिकडं पोरं वरडत्यात, हिकडं मी 'बरं' म्हनतो. झाला फोन." कुत्र्याच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला. "मोबाइलवर ऐकलं तर ती हसून मोकळी झालेली आसती. मागून यकट्यानं हसायचं, त्यात काय मजा नाय, सायेब."

पन्नास जणांना सांगितलेला तो किस्सा मला तिथे उभ्या उभ्या परत ऐकू आला.

घरी येऊन हिला सगळे सांगितले. दिव्याचे, दसऱ्याचे, पाइपावरचे.

"दोन महिने गप्प बसलात?"

"तुझा नवस होता..."

"माझ्या नवसामागं लपू नका! विझू देणार नाही म्हटलं होतं, विजेचाच ठेवीन असं कुठं म्हटलं होतं? अर्धा तास तेलाचा लावीन. मी देवापाशीच बसते तेव्हा." ती उठली, निरांजन काढले, वात भिजवली. "त्या बाईला तिकडं एकटीला गाडीत बसवलंत तुम्ही."

दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला, की आज अण्णांनी घरीच ऐकावे, डीपीचे काम झाल्यासारखे वाटते. खरे सांगायचे धैर्य तेव्हाही झाले नाही. सातला हिने निरांजन लावले, मग बटण बंद केले. वर दोन माणसे गप्पा मारू लागली. अण्णा हसल्याचेही ऐकू आले. साडेसातला जिन्यावर पावले वाजली. आमच्याच दारासमोर थांबली. कठड्यावर किल्ली वाजली. टिंग टिंग.

हिने माझ्याकडे पाहिले आणि दिव्याचे बटण चालू केले.

त्यानंतर मला राहवेना. पुढच्या संध्याकाळी सातच्या थोडे आधी मी वर गेलो. हातात दिव्याचा ॲडॅप्टर होता, पुरावा म्हणून. अण्णा भिंतीला टेकून बसले होते.

"अण्णा, तुमचा बिनतिकिटाचा आमच्या देव्हाऱ्यात होता. मला दसऱ्यापासून माहीत होते. बोललो नाही."

अण्णा उठले आणि खिडकीपाशी जाऊन बाहेर बघू लागले.

"डीपीचाच दोष व्हता, सायेब."

"अण्णा..."

त्यांनी मागे वळून पाहिले नाही. बाहेर बाभळी नव्हत्या, नुसत्या तारा होत्या. पण त्यांचे ते बघणे मी ओळखले. आमच्या घरात, नवसाची गोष्ट ऐकल्यावर, ते असेच उभे राहिले होते.

"छातीचं कसं हाय आता?" बाहेर बघतच त्यांनी विचारले. "जिना चढून आलात. दम नाय ना लागला?"

मी नुसती मान हलवली, ती त्यांना दिसली नसणार. मग ते वळले, घड्याळाकडे पाहिले, रेडिओ लावला आणि माझ्यासाठी भिंतीपाशी सतरंजी सरकवली.

"बसा. पर आता बोलू नका, सायेब," ते म्हणाले. "ती गाडीत येऊन बसली आसंल."