मिटल्या डोळ्यांची तपासणी

“दुसऱ्याच्या घरचं भांडण आणि दुसऱ्याच्या घरचा केर, दोन्हीत डोकावू नये. एवढं माझं ऐक, म्हणजे झालं.”

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी शिवणवाल्या मावशींच्या कानात हे वाक्य अजून ताजं होतं. सासूबाईंचा हात हातात घेऊन त्यांनी ‘नाही डोकावणार’ असं कबूल केलं होतं, आणि मावशींचं कबूल करणं म्हणजे दुहेरी टीप. उसवायची सोय नाही. अख्ख्या वसाहतीची मापं त्यांच्या टेपखालून गेली होती, पण कुणाची कंबर कधी वाढली हे या भिंतीचं त्या भिंतीला कळलं नव्हतं.

नेमकं तेच त्यांच्या अंगाशी आलं.

वसाहतीच्या समितीची बैठक दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात भरली होती, कारण पुरेशा खुर्च्या तिथेच होत्या. विषय कचऱ्याचा. घंटागाडी आता दारोदार फिरणार नव्हती, सकाळी फाटकाशीच उभी राहणार होती. ओला वेगळा, सुका वेगळा. सरमिसळ सापडली म्हणून गाडीवाल्याने मध्यंतरी सगळ्यांचाच कचरा जागेवर सोडला होता, आणि पुन्हा असं झालं तर गाडी इकडे फिरकणारच नाही, असं बजावलं होतं.

“म्हणजे फाटकाशी कुणीतरी पिशव्या उघडून बघायला हव्यात,” अध्यक्ष म्हणाले. ते बँकेतून निवृत्त झाले होते, पण बोलताना अजून काउंटरपलीकडे बसल्यासारखेच वाटत.

“मी बघतो की,” व्यायामशाळेचे सर म्हणाले.

“तुम्ही नको,” डॉक्टर घाईघाईने म्हणाले. “प्रत्येकाला खाण्यावर भाषण द्याल.”

“मग तुम्ही बघा.”

“डॉक्टर तर मुळीच नकोत,” अध्यक्षांच्या पत्नी म्हणाल्या. “आमच्याकडे गोड किती येतं, ते त्यांना कशाला कळायला हवं?”

कचरा बघणारा सगळ्यांनाच हवा होता. आपला कचरा बघणारा मात्र कुणालाच नको होता. कुणी छताकडे पाहिलं, कुणी दातांच्या तक्त्याकडे. मग एकेक करून सगळ्यांच्या माना कोपऱ्यातल्या एकाच खुर्चीकडे वळल्या.

“मावशी,” अध्यक्ष म्हणाले, “तुमच्या पोटात समुद्र मावतो. हे काम तुमचं.”

“अहो, पण मी...”

टाळ्यांत पुढचं वाक्य वाहून गेलं.

“नाही म्हणायचं होतंस,” घरी आल्यावर मावशींचे यजमान, म्हणजे वसाहतीचे काका, म्हणाले.

“म्हणणारच होते. तेवढ्यात सगळे उठले.”

“मग आता?”

“गाडी बंद झाली तर सगळ्यांचे हाल. आणि आईंचा शब्द मोडला तर माझे.” मावशींनी सुईत दोरा ओवला. “काहीतरी सुचेल. सकाळपर्यंत देव आहे.”

सकाळी मावशी फाटकाशी उभ्या राहिल्या. पहिले आले डॉक्टर. त्यांनी पिशवीची गाठ सोडली, आणि मावशींनी शांतपणे डोळे मिटले. मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, मग एक लांब श्वास सोडला आणि म्हणाल्या, “हं.”

डॉक्टर गडबडले. “मावशी, ते चॉकलेटचे कागद... पाहुणे आले होते.”

“असतील हो.”

“म्हणजे, मी पण एखादं खाल्लं.”

“चालायचंच,” मावशी म्हणाल्या, डोळे मिटूनच.

डॉक्टर गेले ते मागे वळून बघत. मग व्यायामशाळेचे सर आले. मावशींचे मिटलेले डोळे पाहून त्यांना दरदरून घाम फुटला. वेफर्सची रिकामी पाकिटं आपणच फस्त केली, हे त्यांनी न विचारता सांगून टाकलं, वर सालीही चुकून सुक्यात पडल्या म्हणून जागच्या जागी वेगळ्या केल्या.

दुपारपर्यंत वसाहतभर झालं, की मावशींना डोळे उघडायचीही गरज लागत नाही. त्यांना वासावरून कळतं. “आणि कळूनही बोलत नाहीत, बघा,” अध्यक्षांच्या पत्नी जिन्यात सांगत होत्या. “केवढं मन.”

मनाला घाबरून लोक दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवू लागले. काहींच्या कचऱ्याच्या पिशव्या त्यांच्या दिवाणखान्याहून नीटनेटक्या दिसू लागल्या. गाडीवालाही खूश झाला.

आणि एके सकाळी त्याने एक काळी पिशवी ढिगातून उचलून खांबाशी ठेवली. “सुक्याच्या ढिगातली आहे, आणि खालून पाणी गळतंय. कुणाची? आज सांगा, नाहीतर उद्यापासून गाडी नाही.”

सगळे मावशींकडे बघू लागले. त्यांनी एकही पिशवी पाहिली नव्हती. इतके दिवस आपण तपासलंच नाही, हे आता उघडं पडणार. शब्द पाळला खरा, पण गाडी घालवली. त्या खालमानेने नुसत्या उभ्या राहिल्या.

ती शांतता अध्यक्षांना सोसवेना. “माझीच असेल,” ते एकदम म्हणाले. “काल घाईत केळ्याच्या साली टाकल्या होत्या.”

“छे, माझी असणार,” डॉक्टर म्हणाले. “आइस्क्रीमचा डबा धुतला नव्हता.”

सरांनीही हात वर केला. गाडीवाल्याने कपाळाला हात लावला. “मी इतक्या गल्ल्या फिरतो,” तो म्हणाला, “पण कचऱ्यावर हक्क सांगायला भांडणारी माणसं इथेच पाहिली.”

“मी कुणाची पिशवी पाहिलेलीच नाही हो,” मावशी कशाबशा म्हणाल्या. “रोज डोळे मिटूनच उभी होते.”

“ऐकलंत?” अध्यक्ष भारावून म्हणाले. “आताही कुणाला उघडं पाडत नाहीत.”

खरं बोलूनही कुणी विश्वास ठेवीना, तिथे माणसाने करावं काय. मावशी गाडीवाल्याला एवढंच म्हणाल्या, “एक दिवस थांब, बाबा. ही पिशवी नीट निवडून उद्या मीच आणून देते. माझा शब्द.”

घरी आणून त्यांनी पिशवी मोरीत ठेवली. डोळे मिटून आत हात घातला आणि लगेच बाहेर काढला. बोटावर रक्ताचा ठिपका होता. टाचणी.

मावशींनी डोळे उघडले. कापडाचे तुकडे, दोऱ्याचं रिकामं रीळ, आणि त्या सगळ्यावर चहाचा ओला चोथा.

“अहो,” त्यांनी हाक मारली. “आज आपली पिशवी कुणी नेली?”

“मी,” काका आतून म्हणाले. “ढिगात ठेवून आलो. तपासणारीच्या घरची कोण तपासणार?”

मावशी मोरीशी बसून पदर तोंडाला लावून खूप वेळ हसल्या. मग चोथा वेगळा केला, चिंध्या वेगळ्या केल्या. आपल्या घरच्या केरात डोकावायला सासूबाईंनी कधी मनाई केली नव्हती.

सकाळी काका जागे व्हायच्या आत त्यांनी देवापुढे दिवा लावला, टाचण्या डबीत ठेवल्या आणि दोन्ही हातांत दोन पिशव्या घेतल्या. ‘आज आधी माझी बघा’ हे वाक्य मनात घोळवत, दार हळूच ओढून घेऊन त्या फाटकाकडे निघाल्या.