झिपरूअण्णांच्या नाकाचं माप

मुलांनो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. गळ्याशपथ सांगतो. मी स्वतः तिथे हजर होतो आणि सगळं याच डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे, हजर नव्हतो, पण जो हजर होता त्याने मला सांगितलं. तो कोण ते आता आठवत नाही. आठवलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण पंचक्रोशीत तो थापाड्या म्हणूनच ओळखला जायचा. तेव्हा बिनधास्त विश्वास ठेवा.

एका जंगलात एक अस्वल राहत होतं. त्याचं नाव झिपरूअण्णा. अस्वलं रात्रभर हिंडतात आणि दिवसा झोपतात, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेलच. नसेल, तर शाळा बदला.

अण्णा झोपले की डोंगर घोरायचा. गुहेवरचे दगड निसटायचे. जंगलाला त्याचा मोठा अभिमान. "घोरावं तर आमच्या अण्णांनी," असं सगळे म्हणायचे. म्हणणारे सगळे लांब राहायचे.

जवळ झोपायची ती त्यांची बायको, धुरपदाबाई. तिला आवाजाचं काही नव्हतं. तिला धास्ती होती ती आवाज थांबण्याची. घोरणं चढत चढत जायचं आणि मध्येच तुटायचं. श्वास गप्प. छाती गप्प. धुरपदाबाई कान लावून पडून राहायची. मग कोपराने एक ढोसणी द्यायची. अण्णा दचकून हवा ओढायचे आणि वर म्हणायचे, "काय गं, माणसाला झोपू देत नाहीस."

अस्वलानेही रागात स्वतःला माणूस म्हणायची पद्धत आहे. तिकडे लक्ष देऊ नका.

आपण झोपलो तर ढोसणार कोण, या विचाराने धुरपदाबाई झोपतच नसे. त्यात अण्णा जागेपणीही पेंगायला लागले. वारुळाशी पेंगले, बोलता बोलता पेंगले. एकदा मध काढायला झाडावर चढले आणि फांदीवरच त्यांचा डोळा लागला. चढायला लागला त्याच्यापेक्षा उतरायला फारच कमी वेळ लागला. मोडलं काही नाही. पण धुरपदाबाईने त्याच दिवशी डॉक्टर करकोच्यांना बोलावणं धाडलं.

करकोचे एका पायावर उभे राहून रोगी तपासायचे. अण्णांची सबंध झोप त्यांनी गुहेच्या तोंडाशी उभ्या उभ्या पाहिली.

"झोपेत यांचा घसा मिटतो," ते म्हणाले. "दार आतून लागतं. ते वाऱ्याने उघडं ठेवायचं. एक यंत्र मिळतं, ते नळीतून हवा सोडतं. नळी नाकाशी धरून ठेवायला मुखवटा लागतो."

जंगलात यंत्राला वीज कुठली, असं कुणीतरी विचारणारच. गोष्टीतल्या जंगलात वीज असते. ती जाते खऱ्या गावातली.

"मुखवटा?" अण्णा म्हणाले. "मी काय सोंगं काढायला बसलोय?"

"तोंडभर नको असेल तर नाकाच्या उशा घ्या. दोन मऊ बोंडं असतात. नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकतात. मागून एक पट्टा. बाकी चेहरा मोकळा." मग ते धुरपदाबाईकडे वळले. "आडवं पडून, वारा सुरू करून मगच माप बघायचं. बोंडं नीट टेकली की झालं. पट्टा आवळायचा नाही. वारा गळायला लागला तर आधी माप चुकलं असं समजायचं."

धुरपदाबाईने मान डोलावली. इथवर सगळं सोपं होतं.

पण त्या जंगलात एक रीत होती. तिथे कुणी एकट्याने काही विकत आणत नसे. साधं सूप घ्यायचं तरी सगळी भावकी घेऊन निघायचं, लग्नाचा बस्ता बांधायला निघाल्यासारखं. आता हत्ती आणि अस्वल यांची भावकी कशी, असं तुम्ही म्हणाल. जंगलात भावकी रक्ताने ठरत नाही. जो न विचारता सल्ला देतो तो भावकीतला.

तर वरात निघाली. पुढे हत्तीमामा, वयाने आणि घेराने वडील. त्यांच्यामागे दातेकाका रानडुक्कर. मग साळूवहिनी साळिंदर. धुरपदाबाई त्यांच्या मागे, आणि सगळ्यांच्या शेवटी अण्णा, चालता चालता डुलक्या घेत.

सुगरणीचं दुकान बाभळीवर टांगलेलं होतं. गिऱ्हाईक काहीही बोललं तरी ती "अगदी बरोबर बोललात" म्हणायची. दुकान त्यावरच चालत होतं. तिने यंत्र आणि त्यासोबत एक डबा खाली सोडला. डब्यात एक पट्टा आणि बोंडांच्या तीन जोड्या. लहान, मधली, मोठी.

हत्तीमामांनी मोठी जोडी सोंडेच्या टोकाला लावून पाहिली. "मला ही मोठीसुद्धा लहान पडते," ते म्हणाले. "म्हणजे विचार करा."

सगळ्यांनी विचार केला.

दातेकाकांनी ती आपल्या नाकाडात खुपसली. "माती काढताना निघून पडेल," ते म्हणाले.

"हे झोपताना मातीत कशाला तोंड घालतील, काका?" धुरपदाबाईने विचारलं.

"सवय सांगून येत नाही, सूनबाई."

साळूवहिनीने बोंड दाबून पाहिलं. "मऊच आहे हो. टोचत नाही ती वस्तू टिकायची कशी?"

"अगदी बरोबर बोललात," सुगरण म्हणाली.

धुरपदाबाईने हळूच म्हटलं, "यांनाच लावून बघू या का एकदा? आडवं निजवून?"

"अगं," हत्तीमामा हसले, "त्याचं नाक आम्ही तो एवढासा होता तेव्हापासून बघतोय. त्याला काय विचारायचं?"

तसं विचारता आलंही नसतं. अण्णा बाभळीला टेकून झोपले होते.

"मोठंच घ्यायचं," मामांनी निकाल दिला. "लहान माप बायकापोरांचं. उद्या चार जण विचारतील, अण्णांच्या नाकाला काय लावलंत. तेव्हा सांगताना आपली मान वर राहिली पाहिजे."

मान कुणाची ते मामांनी सांगितलं नाही.

वस्तू घरी आली तशी भावकीही आली. अण्णांना मध्ये बसवून पट्टा चढवला. यंत्र बंद होतं, अण्णा ताठ बसले होते, आणि मोठी बोंडं नाकाखाली नुसती शोभेला होती. फारच छान दिसलं. साळूवहिनी म्हणाली, "दृष्ट काढा हो."

मग अण्णा आडवे झाले आणि वारा सुरू झाला. त्यासरशी बोंडं तिरकी झाली आणि गुहेत शीळ घुमली.

"पट्टा सैल आहे," दातेकाका म्हणाले आणि त्यांनी पट्टा ओढला.

शीळ वाढली.

"तसा नव्हे," म्हणून साळूवहिनीने ओढला.

"डॉक्टर म्हणत होते, आवळू नका म्हणून," धुरपदाबाई म्हणाली.

"डॉक्टरांना एका पायावर उभं राहायचं असतं," मामा म्हणाले, "त्यांना जोर कसला माहीत?" आणि त्यांनी सोंडेने ओढला. अण्णांचे कान दुमडले. डोळे कानांच्या दिशेने निघाले. वारा आता डोळ्यांत जाऊ लागला.

आणखीही एक भानगड होती. अस्वलाला निसर्गाने एक कला दिली आहे. वारुळात तोंड घातलं की त्याच्या नाकपुड्या आपोआप मिटतात, वाळवी आत शिरू नये म्हणून. अण्णांचं नाक जन्मभर एवढंच शिकलं होतं. काही टेकलं की दार बंद. बोंड टेकलं, नाक मिटलं. पण नाकाकडे बघतंय कोण? सगळे पट्ट्याकडे बघत होते.

या ओढाताणीतही अण्णांना झोप लागली. बोंडं गालावर सरकली. तोंड वासलं, घोरणं सुरू झालं, चढलं, आणि थांबलं.

"थांबलं," दातेकाका म्हणाले.

"बघा," हत्तीमामांनी सगळ्यांकडे पाहिलं. "मोठ्या मापाचा गुण."

साळूवहिनीने काटे खुळखुळवून आनंद साजरा केला. गुहेत कौतुक सुरू झालं.

धुरपदाबाईला ही शांतता ओळखीची होती. ती सगळ्यांना बाजूला सारून पुढे झाली आणि तिने संसारातली सगळ्यात जोरदार ढोसणी दिली. अण्णा तडफडून उठले. हवा ओढताना त्यांच्या घशातून जो आवाज आला, तो भावकीने इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता.

"आता निघा," धुरपदाबाई म्हणाली.

सगळे उठले आणि निघून गेले.

तिने पट्टा सैल केला. अण्णांचे कान आपल्या जागी आले. डब्यातली लहान जोडी काढून तिने पट्ट्याला लावली. अण्णांनी ती पाहिली आणि तोंड फिरवलं.

"बायकापोरांची आहे ती."

"मी बायको आहे," धुरपदाबाई म्हणाली. "मला विधवा करायचं असेल तर मोठी लावते. बोला."

अण्णा आडवे झाले. तिने मोहाची फुलं आणली आणि त्यांच्या नाकासमोर धरली. मोहाचा वास आल्यावर नाकपुड्या मिटून घेणारं अस्वल अजून जन्माला यायचंय. अण्णांच्या नाकपुड्या पुरत्या उघडल्या, आणि तिने बोंडं अलगद टेकवली. वारा सुरू केला. एका बाजूने बारीक सूं-सूं आलं. तिने बोंड जरासं वळवलं. सूं-सूं थांबलं.

"बरं वाट—" अण्णा बोलायला गेले आणि सगळा वारा तोंडातून फुस्सकन बाहेर आला. त्यांनी घाईने तोंड मिटलं. वारा परत वळणावर आला. मग त्यांनी खुणेनं विचारलं, म्हणजे बोलायचंच नाही?

"नाही," धुरपदाबाई म्हणाली. हे डॉक्टरांनी तिला आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर यंत्र केव्हाच आलं असतं.

अण्णा झोपले. घोरणं नाही. धुरपदाबाईने श्वास रोखून पाहिलं. अण्णांची छाती वर गेली, खाली आली. पुन्हा वर गेली. तिने सवयीने कोपर उगारलं होतं. ते बराच वेळ तसंच राहिलं. मग तिने ते उशाला घेतलं आणि तीही झोपली. अशी झोपली की तिच्याच घोरण्याने वटवाघळं उडाली.

पुढे अण्णा झाडावर चढले आणि मध घेऊन, डोळे उघडे ठेवून, फांद्या धरून खाली उतरले. मध आला म्हटल्यावर भावकी जमलीच.

"शेवटी मोठंच लागू पडलं ना?" हत्तीमामांनी विचारलं.

अण्णांनी खरं सांगायला तोंड उघडलं. धुरपदाबाईने त्यात पोळ्याचा तुकडा घातला.

"तुमच्याच पसंतीचं, मामा," ती म्हणाली.

तेव्हापासून त्या जंगलातले सगळे घोरणारे मोठं मापच घेतात आणि पट्टा आवळतात. दिवसाउजेडी तिकडून गेलात तर चहूकडून शीळ ऐकू येते. शहरातले पक्षीनिरीक्षक दुर्बिणी घेऊन येतात आणि दुर्मीळ पक्षी ऐकल्याच्या समाधानात परत जातात.

तात्पर्य : एकीचे बळ फार मोठे असते. म्हणून नाकासाठी माप लहान घ्यावे.

आता कबुली. करकोचा डॉक्टर खरा, जंगलातली वीज खरी, बोलणारी डुकरं तर तुम्हीही पाहिली असतील. फक्त एक जागा मी पदरची घातली. "आता निघा" म्हटल्यावर भावकी उठून गेली, ती. भावकी अशी जात नसते. मधापुरती उठली तेवढीच, एरवी ती अजून त्याच गुहेत बसली आहे, पट्टा कुणी सैल ठेवला यावर तिचा वाद चालू आहे. निघाले ते अण्णा आणि धुरपदाबाई. यंत्र आणि डबा काखोटीला मारून ती दोघं पलीकडच्या डोंगरावर राहायला गेली.