आधीच सांगून ठेवतो

पेठकर कुणाच्याही घरी आले की चप्पल काढण्याआधी उंबऱ्यावर उभे राहून आपले अवगुण सांगतात. "मी फटकळ माणूस आहे, वहिनी. आधीच सांगून ठेवतो." नाहीतर, "मी हट्टी आहे. मला माहीत आहे मी कसा आहे." मग आत येतात, पंख्याखालची खुर्ची धरतात आणि जे सांगितलं ते करून दाखवतात.

चिरगावच्या आमच्या दूधवाल्याने एकदा म्हैस विकली. घेणाऱ्याला त्याने बजावलं होतं, "लात मारती है भैया, बाद में मत कहना." घेणाऱ्याचा गुडघा फुटला तेव्हा त्याला तक्रारीला तोंड राहिलं नाही. पेठकरांचं तसंच आहे. फरक एवढाच की म्हैस दूध तरी देत होती.

झाशीच्या नगरा मोहल्ल्यात आमची त्यांची भिंतीला भिंत. ते मूळचे साताऱ्याकडचे. सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून झाशीला आले, रिटायर झाले आणि इथेच राहिले. हा रोग त्यांना नोकरीत लागला. कारखान्याने एकदा साहेबलोकांना ट्रेनिंगला धाडलं. तिथे टाय लावलेल्या एका माणसाने सगळ्यांना आरशासमोर उभं करून आपापले दोष मोठ्याने बोलायला लावले. जो स्वतःला ओळखतो तोच पुढे जातो, असं त्याचं म्हणणं. पेठकरांनी ते मनावर घेतलं. परत आल्यावर मोठ्या साहेबासमोर जाऊन म्हणाले, "सर, मैं जिद्दी आदमी हूँ. किसी की सुनता नहीं." साहेब खूश. म्हणाला, "ऐसा ही आदमी चाहिए, जो अपने को जानता हो." त्या वर्षी पेठकरांना बढती मिळाली. मग काय विचारता. मला वाटतं, ओळखल्यावर पुढे काय करायचं ते टायवाला दुसऱ्या दिवशी सांगणार होता, आणि पेठकर पहिल्याच दिवशी परत आले.

मी चौथीपर्यंत शिकले. मला इतकंच कळतं, आमटीत मीठ जास्त झालंय हे कळणं एक काम, आणि आमटी सुधारणं दुसरं. पेठकर पहिलं काम करून जेवायला बसतात.

आमच्या मंडळाच्या गणपतीत दर वर्षी त्यांचं भाषण असतं. विषय ठरलेला, 'स्वतःला ओळखा'. सुरुवातही ठरलेली, "मी लांबण लावतो, मला माहीत आहे." समोर अर्धी मुलं अशी, की ज्यांना मराठी कळते पण बोलायला जीभ वळत नाही. आरतीचं तबक धरून माझे हात भरून येतात. एकदा एक मुलगी न राहवून म्हणाली, "अंकलजी, पता है तो बैठ जाइए ना." सगळे हसले. पेठकरही हसले. "मुद्द्याचं बोलली," म्हणाले आणि पुढे चालू.

आमचे हे गेले तेव्हा पेठकर तिसऱ्या दिवशी भेटायला आले. उंबऱ्यावर उभे राहिले. "वहिनी, मला सांत्वन करता येत नाही. आधीच सांगून ठेवतो." मग आत येऊन म्हणाले, "वजन फार वाढलं होतं भाऊंचं. मी बोललो होतो त्यांना." बसलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले, काहींनी रडू आवरायला आणि काहींनी हसू. मी म्हटलं, "पेठकर, येत नाही तर येऊ नये. जे जमत नाही ते करायला निघू नये, घरी बसावं." त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे तुमचं."

त्यांची बायको मालती गरीब बाई. सुरुवातीला तिला हे कौतुकाचं वाटलं म्हणे. नवरा स्वतःची चूक कबूल करतो, असा किती जणींना मिळतो? हळूहळू तिच्या लक्षात आलं, की कबूल करून झालं की त्यांच्या लेखी ती चूक फिटते. आता ती म्हणते, "ह्यांना स्वतःचं सगळं पाठ आहे वहिनी. परवचा म्हणतात तसा."

पण भोगलं ते मुलीने. पल्लवी एकुलती एक. लग्न करून कानपूरला गेली, घर हिंदीवाल्यांचं. तिच्या मुलीच्या बारशाला पेठकर भरल्या मांडवात व्याह्यांना म्हणाले, "मैं मुँहफट आदमी हूँ, पहले ही बता देता हूँ. आपकी बहू आज तक किसी काम में टिकी नहीं. शौक बहुत हैं, दम नहीं है." पल्लवीने तेव्हा नुकतं घरी केक करून विकायचं सुरू केलं होतं. सासूने ते वाक्य उचललं आणि लोणच्यासारखं बरणीत भरून ठेवलं. हिशेब चुकला, काढ बरणी. केक करपला, काढ बरणी. शेवटी पल्लवीने भट्टी विकून टाकली.

त्यानंतर ती एकदाच आली. आवाज भिंतीपलीकडून मलाही ऐकू आला. "पप्पा, आपको अपना सब पता है ना? तो बदलते क्यों नहीं?"

पेठकर म्हणाले, "मी असा आहे, बेटा."

मग तिचं येणं बंद झालं. फोन आईला, तोही पेठकर फिरायला गेले की.

या उन्हाळ्यात मालतीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि पल्लवी मुलीला घेऊन येते म्हणाली. मालती मला म्हणाली, "या वेळी नीट पार पडलं ना वहिनी, तर पुढे दिवाळीलाही येईल. नाहीतर मग कायमचंच राहिलं."

पल्लवी यायची त्या सकाळी पेठकर माझ्या दारात उभे. हातात पिशवी. उंबऱ्यावर काही बोलले नाहीत. मला वाटलं, तब्येत बिघडली.

"चार दिवस तुमच्या मागच्या खोलीत राहीन म्हणतो. मालतीला सांगितलंय, बरुआसागरला मित्राकडे चाललोय."

"बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन आणि तुम्ही मित्राकडे?"

"पल्लवी येतेय."

"म्हणून तर घरी थांबायचं."

"मी घरात असलो की बोलणार. मला माहीत आहे मी कसा आहे. आणि तुम्हीच म्हणाला होता, जमत नाही तर घरी बसावं. आता घरात ती आहे, म्हणून इथे बसतो."

लोक काय म्हणतील, असंही त्यांनी विचारून घेतलं. मी म्हटलं, या वयात कुणी काही म्हटलं तर मी पेढे वाटीन.

ते भिंतीला खुर्ची लावून बसून राहिले. आमटी अळणी झाली, पोळी वातड झाली, तरी चकार शब्द नाही. मला जेवण गोड लागेना. पलीकडे नात पाढे म्हणायची. "सात अठ्ठे चौवन." पेठकर भिंतीला पुटपुटले, "छप्पन," आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

जायच्या दिवशी पल्लवी माझ्या पाया पडायला आली. पेठकर आत पडद्यामागे उभे. त्या सकाळीच त्यांनी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून आलं आणून ठेवलं होतं. बरुआसागरचं आलं नावाजलेलं, तेव्हा तिथलंच म्हणून घरी न्यायला. खोटंसुद्धा पुराव्यासकट बोलतात.

"काकू, मम्मी की आँख का ऑपरेशन, और पप्पा घूमने निकल गए. मुझसे मिलना ही नहीं था ना उनको?"

मी सांगणारच होते. माझ्या पोटात काही राहत नाही. पण तिची नजर पडद्याखाली गेली होती. पडदा आखूड आहे माझा. खाली दोन पाय दिसत होते, अंगठे आत वळलेले. बापाचे पाय मुलगी ओळखते. मग माझ्याकडे तोंड करून, पण आवाज चढवून म्हणाली, "मिलें तो कह देना काकू. उनको सब अपने ही बारे में पता है. मेरे बारे में तो कभी कुछ पूछा नहीं."

पाय हलले नाहीत. पल्लवी गेली. रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही गेला.

पेठकर बाहेर आले. हातात आल्याची पिशवी. बसले नाहीत.

"वहिनी, पल्लवी चहात आलं घेते का?"

"मला काय विचारता? मुलगी तुमची."

"मला माहीत नाही."

हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. म्हटलं, "मग जाऊन विचारा. स्टेशनवर असेल. गाडी काय, लेटच असते."

गेले. चप्पल घालताना डावी उजवी झाली, तशीच फरपटत गेले. झाशीला गाडी वेळेवर येते असं मी कधी ऐकलं नाही. त्या दिवशी आली. तासाभराने पेठकर परत आले, पिशवी हातातच. म्हणाले, "दिवाळीपर्यंत ठेवून द्या."

"आलं तोवर राहील होय? वाळून खडखडीत होईल."

"मातीत पुरलं तर?"

त्यांच्या अंगणात सगळी फरशी आहे. म्हणून माझ्या मागच्या दारी तुपाच्या जुन्या डब्यात पुरलं. पल्लवी दिवाळीला येईल का, हे मालतीने फोनवर विचारलं. "देखते हैं," म्हणाली. यायचं नसेल तेव्हाही लोक असंच म्हणतात.

हल्ली पेठकर रोज सकाळी येतात. उंबऱ्यावर थांबत नाहीत, तडक मागे जातात. डब्यात पाणी घालतात आणि काडीने माती उकरून कोंब फुटला का ते बघतात. काल शेवटी मी म्हटलं, "पेठकर, रोज उकरून बघितलं की रुजत नाही हो ते."

"मला माहीत आहे," ते म्हणाले आणि पुन्हा काडी मातीत घातली.